विचारलं, की वाद होतो

व्याख्यान संपलं, की आमच्या मॅडम चष्मा कपाळावर सरकवून उभ्या राहायच्या. "छान. पण हे खरंच चालतं, की फक्त पडद्यावर?" पुण्यातल्या संगणक परिषदांना तुम्ही गेला असाल, तर तो आवाज तुमच्याही कानांत असेल. वक्ता बिचारा घाम पुसायचा.

मॅडम आमच्या कंपनीत सॉफ्टवेअर तपासायच्या. गोड बोलणं त्यांना जमलं नाही, पण पाठीमागे कोणाबद्दल बोलल्या असतील तर शपथ! परिषदेसाठी व्याख्यानं निवडताना वक्त्यांची नावं झाकायची, ही पद्धत आमच्या समितीत त्यांनीच आणली. "नाव दिसलं, की तुमची अक्कल शेण खायला जाते," म्हणाल्या. पोह्यांच्या बशा सांभाळत आम्ही सगळे हसलो.

एका वर्षी त्यांनी समिती सोडली आणि स्वतःचं व्याख्यान पाठवलं. नाव झाकलेलं असताना तेच सगळ्यांना सर्वांत जास्त आवडलं. आमंत्रण गेलं, वेबसाइटवर फोटो लागला. विश्रांतवाडीच्या घरी लेकीला समोर बसवून मॅडम रोज सराव करू लागल्या.

आणि समितीला एक निनावी मेल आली. या बाई मंचावर आल्या तर अनेकांना अवघडल्यासारखं होईल म्हणे. कोणाला? का? त्यावर एक अक्षर नाही! समितीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पटापट अंगठे उमटले आणि आमंत्रण रद्द झालं. मी संयोजकांना फोन करून ओरडलो, "अहो, निदान त्यांना विचारा तरी!"

"विचारलं, की वाद होतो. कशाला उगाच?"

उगाच! एका बाईची अब्रू यांच्या लेखी उगाच. मी त्याच दिवशी समिती सोडली. कोणाचं काही अडलं नाही.

मॅडम संयोजकांना भेटायला गेल्या, तेव्हा मी बरोबर होतो.

"माझी चूक सांगा. असेल तर त्याच मंचावर माफी मागते."

"तसं काही नाही हो, मॅडम."

"मग येऊ बोलायला?"

"नको."

लागेल असं कोणाला बोलल्याही असतील, मी नाही म्हणत नाही. मग तोंडावर सांगा ना! चोरालासुद्धा कलम सांगून आत टाकतात.

वेबसाइटवरून फोटो गेला आणि लोकांच्या जिभा सुटल्या. कोणी म्हणे पैसे खाल्ले, कोणी म्हणे दुसऱ्याचं काम ढापलं. "काहीतरी केलंच असेल, त्याशिवाय का काढतील?" मंडईत एक जुनी सहकारी मॅडमना बघून हातातली मेथी तशीच टाकून पलीकडे वळली. मॅडमनी परिषदांना जाणं बंद केलं. मला आजही त्या संयोजकांचं तोंड बघवत नाही.

गेल्या वर्षी मॅडम वारल्या. मी घरी भेटायला गेलो. लेकीनं चहा दिला, इकडचं तिकडचं बोलली आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "काका, आता तरी खरं सांगा. आईनं काय केलं होतं?"

"काहीही नाही गं. खरंच काही नाही."



"तुम्ही चांगले आहात, म्हणून असं म्हणताय," ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली.