सरसक्कांचा हयातीचा सण

सई, ये बाई, अशी जवळ येऊन बस आणि तो फोन बाजूला ठेव. फोनवरच वाचते आहेस म्हणा, मग राहू दे. पण आधी ऐकून घे. पुण्याहून बंगळूरला यायला तुला लांब वाटलं नाही, आणि के. आर. पुरमहून बसवनगुडीला यायला लांब वाटतं? परवा इंदिरानगरला मैत्रिणींबरोबर जेवलीस, तो फोटो मी बघितला हं. तिथून तशीच मेट्रोत बसली असतीस, तर माझ्या हातची गरम भाकरी मिळाली असती. रागावत नाही, नुसतं सांगते आहे.

आणि माझा फोटो बघून तू विचारलंस, "आत्या, दिवाळी तर होऊन गेली, मग रेशमी साडी नेसून, गजरा माळून निघालीस कुठे?" बँकेत, बाई. मी जिवंत आहे, हे सरकारला सांगायला. शेजारी पांढऱ्या शर्टातला, खिशात अबोलीची फुलं खोचलेला माणूस कोण, हेही विचारलंस. तो मुकुंद. पण मुकुंद सांगायचा तर आधी सरसक्का सांगायला हव्यात, आणि ते फोनवर बोलून दोन वाक्यांत होण्यासारखं नाही, म्हणून लिहिते आहे.

सरकारी पेन्शन घेणाऱ्याला दरवर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. माणूस आहे तोवर पेन्शन, म्हणून वर्षातून एकदा आपण आहोत हे दाखवून यायचं. तुझे काका गेले, त्यांच्यामागे माझं फॅमिली पेन्शन सुरू झालं, आणि त्या पहिल्या नोव्हेंबरात मी बँकेच्या बाकावर जाऊन बसले. अंगावर विटकी सुती साडी, केस कसेतरी बांधलेले. एवढ्यात दारातून एक बाई आल्या. मोरपंखी रेशमी साडी, कानात कुड्या, अंबाड्यावर अबोलीचा हा एवढा गजरा. मला वाटलं, लग्नाला जाताजाता लॉकर उघडायला आल्यात. तर त्या येऊन माझ्याच शेजारी बसल्या आणि माझ्या हातातलं मराठी पुस्तक बघून मराठीतच म्हणाल्या, "काय गे, कुणाकडे वाईट झालंय?"

"माझे यजमान गेले. सहा-सात महिने झाले," मी म्हटलं.

त्यांनी अंबाड्याला हात घातला. मग गजऱ्याचा निम्मा तुकडा तोडून माझ्या केसांत खोचायला लागल्या. मी मागे सरकले. म्हटलं, "अहो, मी आता कसली फुलं घालते?"

"माझेही यजमान गेलेत. म्हणून माझं डोकं गेलंय काय? सरकारनं बघायला बोलावलंय. जिवंत असून भागत नाही गे, दिसायला पण पाहिजे!"

या सरसक्का. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, त्यामुळे आवाज खणखणीत, आणि समोरच्याचं बोलणं मधेच तोडायची जन्माची सवय. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून इकडचं. घरात बोलतात मराठीच, पण तिच्यात कन्नड असं मिसळलेलं, की कुठलं काय हे त्यांनाही सांगता आलं नसतं. "स्वल्प थांब" म्हणजे जरा थांब, "सरी, निघूया की" म्हणजे बरं, निघूया, आणि दर दोन वाक्यांमागे एक "अय्यो". बोलता बोलता कळलं, की त्या आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. त्या दिवशी मी त्यांच्याबरोबर घरी आले आणि मग त्यांच्या घरचीच झाले.

हयातीचा दाखला हा सरसक्कांचा सण होता. आदल्या दिवशी गांधी बाजारातून फुलं यायची. सकाळी गल्लीतल्या सगळ्या पेन्शनरांच्या दारात जाऊन त्या हाका मारायच्या. एकदा एका अण्णांनी दाढीचे खुंट तसेच ठेवलेले पाहिले, तर त्यांना दारातूनच परत पाठवलं. "दाढी करून या अण्णा. तुमचं हे तोंड बघून सरकार पेन्शन थांबवायचं आणि हार पाठवायचं!" दाखला झाला की सगळी वरात हॉटेलात. दोसा प्रत्येकाला आख्खा, पण कॉफी मात्र बाय टू, म्हणजे एक कॉफी दोघांत वाटून. "दोन म्हातारी माणसं समोरासमोर बसली पाहिजेत, म्हणून बाय टू," असं त्या म्हणायच्या.

पुढे अंगठा टेकवायचं यंत्र आलं. सरसक्कांचा अंगठा त्यात काही केल्या उमटेना. बँकेतला पोरगा कंटाळून म्हणाला, "अम्मा, तुमच्या बोटावर रेषाच राहिल्या नाहीत." त्या म्हणाल्या, "जन्मभर सारू, आमटी ढवळली, कपडे पिळले, त्यात गेल्या. सरकारला पाहिजे होत्या तर आधी सांगायचं!" त्यानंतर मोबाइलवर चेहरा दाखवायची सोय झाली. त्यात समोर बघून डोळ्यांची उघडझाप करावी लागते. सरसक्कांनी एकच डोळा मिटला, मग दुसरा, आणि बाहेर येऊन अख्ख्या बाकाला ऐकू जाईल एवढ्यानं मला म्हणाल्या, "कुसुमा, या वयात सरकारला डोळा मारून आले गे!"

तर मुकुंद हा त्यांचा एकुलता एक मुलगा. चाळिशी कधीच उलटलेला, पण समज पाच-सहा वर्षांच्या मुलाची. जन्मापासून तसाच. स्वभावानं लोण्यासारखा. कपड्यांच्या घड्या अशा घालतो, की इस्त्रीवाल्यानं बघत बसावं. पण एकदा कढीपत्ता आणायला कोपऱ्यावर गेला, तो संध्याकाळी देवळाच्या पायऱ्यांवर सापडला. कढीपत्ता हातात धरून बसला होता, घर कुठे ते विसरला होता. सरसक्का ही गोष्ट सांगायच्या तेव्हा शेवटी म्हणायच्या, "पण कढीपत्ता बरोबर आणला की नाही त्यानं!" मुकुंदाला काय येत नाही, हे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही.

एकदा त्यांची भाची वसुधा मला बाजूला घेऊन बोलली. वसुधा शाळेत शिक्षिका, वरच्या मजल्यावर राहते. तिला घोर लागला होता. आत्या, म्हणजे सरसक्का, गेली, तर मुकुंदाचं काय? ती त्याला सांभाळेल, पण त्याच्या नावानं काही असायला हवं. आणि तशी सोय आहे, सई. पेन्शनराचं मूल अपंग असेल, स्वतः कमावू शकत नसेल, तर आईबापांमागे त्याला जन्मभर फॅमिली पेन्शन मिळतं. फक्त आईबाप हयात असतानाच त्याचं नाव पेन्शनच्या कागदांत घालून घेतलं, की मागून धावाधाव होत नाही. त्यासाठी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांच्या मंडळापुढे जायचं, ते तपासून दाखला देतात.

सरसक्का म्हणाल्या, "सरी. जाऊया की." आणि दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी मुकुंदाची तयारी सुरू केली!

आता हसू येतं, पण तेव्हा आम्हा कुणाच्या डोक्यातच आलं नाही. सरकारपुढे जायचं म्हणजे झकास दिसायचं, हा त्यांचा जन्माचा नियम. व्हरांड्यात खुर्ची टाकून मुकुंदाला बसवायच्या. चष्मा नाकावर ओढून आपण डॉक्टर व्हायच्या आणि मला दुसरी डॉक्टर करायच्या. धडा कन्नडमधून, तुला मराठीत सांगते. तुझं नाव काय? मुकुंद. वडिलांचं नाव? श्रीपाद. घर कुठे? बसवनगुडी. आज वार कुठला? गुरुवार, कारण तपासणी गुरुवारी होती. जेवलास का? जेवलो, बरा आहे, नमस्कार. महिनाभर रोज हेच. शेवटी मुकुंद धडधड म्हणायला लागला, तेव्हा सरसक्कांनी त्याची दृष्ट काढली.

गुरुवारी नवा शर्ट, कपाळाला गंध. डॉक्टरांनी विचारलं, त्यानं न चुकता सांगितलं. घरी काय करतोस, या प्रश्नाचा धडा नव्हता, पण त्यानं आपलं आपण सांगितलं, "अम्मा म्हणते, मला सगळं येतं." डॉक्टर खूष. सरसक्का घरी आल्या त्या म्हैसूरपाकाचा डबा घेऊनच. "मुकुंदा पास झाला गे! एक प्रश्न चुकला नाही!" गल्लीभर वाटला.

थोड्या दिवसांनी दाखला आला. वसुधानं वाचला आणि खुर्चीवर बसूनच राहिली. अपंगत्व सौम्य, स्वतःचं पोट भरू शकेल, असं लिहिलेलं होतं. पेन्शनच्या कचेरीतल्या माणसानंही तेच सांगितलं, "अक्का, हे कमावू शकतात म्हणता, मग पेन्शन कसं द्यायचं?"

त्या संध्याकाळी सरसक्कांच्या केसांत फूल नव्हतं. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. वसुधा म्हणाली, फेरतपासणीचा अर्ज करता येतो, या वेळी मुकुंदाला काही शिकवू नकोस, जसा आहे तसा ने.

"जसा आहे तसा म्हणजे कसा?" सरसक्का उसळल्या. "त्याला काय काय येतं, हे जन्मभर लोकांना सांगत आले मी. आता काय काय येत नाही, ते सांगत फिरू? त्याच्यासमोर?"

मुकुंद पलीकडे टॉवेलांच्या घड्या घालत होता. सरसक्का बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या. मग उठल्या, आतून चादरी आणल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या. "ह्याही कर रे राजा," म्हणाल्या. आणि मला, "अर्ज लिही गे. माझा हात चालेना आज."

फेरतपासणी मंगळवारी होती. या वेळी शिकवणं काही नाही, पण पंचाईत अशी, की मुकुंद विसरेचना! रिक्षात बसल्यापासून त्याचं सुरू. मुकुंद, श्रीपाद, बसवनगुडी, गुरुवार. "अय्यो, गप बस की रे," सरसक्का काकुळतीला आल्या, "आज नको!" तो आणखी मोठ्यानं म्हणायला लागला. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "हुशार आहेत हो तुमचे चिरंजीव." त्या दिवशी पहिल्यांदा कुणी मुकुंदाचं कौतुक केलं आणि सरसक्कांनी कपाळावर हात मारला.

या खेपेला मंडळात एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी आम्हाला दाराशी बसवलं आणि मुकुंदाला समोर घेतलं. दार उघडंच होतं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सकाळी काय खाल्लंस?"

"मुकुंद."

"बरं. इथे कशानं आलास?"

"श्रीपाद."

"तुझं नाव काय?"

"बसवनगुडी."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. पुढचा प्रश्न त्यांनी अगदी हळू आवाजात विचारला. "अम्मा गावाला गेली, तर तुला जेवायला कोण देणार?"

"गुरुवार," मुकुंद म्हणाला. आणि मग शेवटचं उत्तर त्यानं न विचारताच दिलं, हात जोडून, हसून. "जेवलो, बरा आहे, नमस्कार."

सरसक्कांनी माझा हात असा आवळला, की बांगडी रुतली. बाईंनी त्यांना आत बोलावलं. "हे तुम्ही शिकवलंत?"

"मीच," सरसक्का म्हणाल्या. "चुकलं माझं."

"चुकलं कसलं, अम्मा? असा धडा पाठ करून घ्यायला किती दिवस लागले असतील, ते मला कळतं. आता मी विचारते, तुम्ही खरं खरं सांगा."

आणि सरसक्कांनी सांगितलं. त्याला रस्ता ओलांडता येत नाही. गॅस लावता येत नाही. भूक लागली तरी मागता येत नाही, ताट पुढे येईपर्यंत बसून राहतो. एकेक वाक्य मुकुंदाच्या पाठीवर हात फिरवत सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "पण घड्या फार चांगल्या घालतो. तेही लिहा." बाईंनी तेही लिहिलं म्हणे, खरं खोटं देव जाणे.

त्यानंतर सगळं सुरळीत झालं. कचेरीत दोन-चार खेटे पडले, पण पेन्शनच्या कागदावर मुकुंदाचं नाव चढलं, पालक म्हणून वसुधाचं. सरसक्कांनी परत म्हैसूरपाक वाटला. "या खेपेला नापास झाला," म्हणाल्या, "तोंड गोड करा."

गेल्या संक्रांतीच्या आधी सरसक्का झोपेतच गेल्या. नोव्हेंबरचा दाखला देऊन झाला होता, दोसा खाऊन झाला होता. वसुधानं लगेच बँकेला कळवलं, मुकुंदाचे कागद पुढे गेले आणि त्याचं पेन्शन चालू झालं. मला मात्र सारखं वाटायचं, सरसक्का असत्या तर म्हणाल्या असत्या, "वर्षभराचा दाखला दिलाय गे, अजून मुदत आहे माझी!"

आणि यंदाच्या नोव्हेंबरात मुकुंदाचा पहिला दाखला. वसुधानं शर्टाला इस्त्री केली. मी रेशमी नेसले, नाहीतर वरून ओरडा ऐकावा लागला असता. मी गजरा माळत होते, तर मुकुंद आला, त्यातला निम्मा तोडून घेतला आणि आपल्या खिशात खोचला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तोच तू विचारलेला फोटो.

बँकेतल्या पोरीनं मोबाइल त्याच्यासमोर धरला. मुकुंदानं बघितलं, डोळे मिटून उघडले आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "मुकुंद. श्रीपाद. बसवनगुडी. गुरुवार. जेवलो, बरा आहे, नमस्कार." अख्ख्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी मान वर केली. ती पोरगी हसून म्हणाली, "सगळं बरोबर, सर!"

बरोबरच होतं, सई. वारसुद्धा. कारण मी आणि वसुधानं ठरवलंय, मुकुंदाला बँकेत न्यायचं ते गुरुवारीच.

तर तूही एखाद्या गुरुवारी रजा काढ आणि ये. मुकुंदासमोर बसायला, कॉफी बाय टू करायला कुणीतरी पाहिजे. मला हल्ली डॉक्टर अर्धी कॉफीसुद्धा पिऊ देत नाहीत. आणि ती गुडघ्यावर फाटलेली पँट घालून नको येऊ बाई. फुलं मी आणून ठेवते.