निम्मा कोर्स

१९९७ सालचा जानेवारी, सोमवारची दुपार. डॉक्टरांच्या टेबलावर मी दीडशे रुपये ठेवले. हजर आम्ही चौघे: डॉक्टर, मी, माझ्या ट्रकचा ड्रायव्हर आणि त्याचा क्लीनर.

तेव्हा आमचा एकच ट्रक होता. हंगामात तो मार्केट यार्डातून गुळाच्या ढेपा भरून मुंबईला जायचा. केबिनला बाराही महिने गुळाचा वास. ट्रक विकून किती वर्षं झाली, तरी गुऱ्हाळावरून जाताना मला आधी ती केबिन आठवते, मग गूळ. ड्रायव्हर कोडोलीचा, क्लीनर त्याचा चुलतभाऊ. दोघं एका ताटात जेवायचे, एक विडी आळीपाळीनं ओढायचे. एकच वडा मिळाला तर मधोमध मोडायचे.

महिन्यापूर्वी ड्रायव्हरला लघवीला जळजळ आणि पू सुरू झाला, तेव्हा मीच त्याला इथं धाडलं होतं. परमा, म्हणजे गुप्तरोग. मुंबईच्या मुक्कामात लागलेला. डॉक्टरांनी एक गोळी समोर गिळायला लावली आणि आठवड्याच्या कॅप्सूल दिल्या, सकाळ-संध्याकाळ. चार दिवस बरं वाटलं, मग तक्रार परत आली. म्हणून या वेळी मी सोबत होतो.

"सगळ्या घेतल्यास?" डॉक्टरांनी विचारलं.

"घेतल्या की."

तेव्हा क्लीनरच खाली मान घालून बोलला, "निम्म्या मी घेतल्या. मला बी तेच झालंतं. सांगायची लाज वाटली."

"काय बी आलं की निम्मं करायची सवय हाय आमची," ड्रायव्हर म्हणाला.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "जंतू म्हंजे पावणं हाय व्हय रे? अर्धी भाकरी घातली की जातंय कुठलं! त्याच भाकरीवर पैलवान हुतंय आणि घरातच ऱ्हातंय."

मला हसू आलं. पुढच्या प्रश्नाला ते गेलं. घरी बायको आहे का?

क्लीनरचं लग्न व्हायचं होतं. ड्रायव्हरचं होऊन तीन वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. त्याची आई त्यावरून सुनेला रोज बोलायची.

"मग तिला बी तपासायला पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "बायकांना कैकदा कळत न्हाय, आतल्या आत वाढतंय. मूल न ऱ्हायला ते बी कारण असू शकतंय."

ड्रायव्हरचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "तिला शक्तीच्या गोळ्या म्हणून देऊया की."

"मालक, इंजिन बिघडलं तर ड्रायव्हरला डिझेल संपलंय म्हणून सांगता? खरं सांगून आणा तिला."

दोघांना या वेळी वेगळं औषध मिळालं, स्वतंत्र पाकिटांत, प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव. माझे दीडशे त्यात गेले. ड्रायव्हर बायकोला सांगेल, असं मला वाटलं नव्हतं.

गुरुवारी ती आली. मी आधीच दवाखान्यात जाऊन बसलो होतो. पुढं ती, चार पावलं मागं तो. दवाखान्याच्या बाकावर बसायच्या आधीच तिचा आवाज चढला.

"नवस मी बोलायचा, उपास मी करायचे, आणि रोग ह्यांनी आणायचा! तुमची आई मला वांझ म्हणती. आज घरात गेल्या गेल्या त्यास्नी सांगायचं, माझ्यासमोर."

"सांगतो."

"मोठ्यानं."

"मोठ्यानं सांगतो की."

मग माझ्याकडं वळली. "आणि मालक, मुंबईची लाईन बंद. सांजच्याला घरी येतील असली वाट द्या. न्हायतर मी माहेरी निघाले."

मुंबईच्या एका खेपेत मला सांगलीच्या तीन खेपांएवढं सुटायचं. मी मनात हिशेब केला आणि हो म्हणालो. असा ड्रायव्हर पुन्हा मिळाला नसता.

डॉक्टरांनी तिला तपासलं, दिवस गेले नाहीत ना याची खात्री केली. पहिली गोळी तिनं तिथंच, नवऱ्याकडं बघत, गिळली. मी खिशात हात घातला.

"तुमचं नको."

तिनं पदराची गाठ सोडली. आत नृसिंहवाडीच्या नवसासाठी साठवलेल्या नोटा होत्या. त्यातले ऐंशी रुपये तिनं डॉक्टरांच्या हातावर ठेवले. डॉक्टरांनी नुसते गोळ्यांचे साठ घेतले, तपासणीचे वीस परत दिले. ते वीस तिनं पुन्हा गाठीत बांधले, वाडीच्या महाराजांसाठी.