घरटी एक

थोरल्या काकांनी लग्नाच्या आमंत्रणांचं काम माझ्या गळ्यात मारलं, कारण ऑफिसात मी दिवसभर असलेच उद्योग करतो. लग्न त्यांच्या मुलीचं, मोहोळला. पण ती पोर वाढली आमच्याकडं, शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत. तिची आई गेली तेव्हा ती एवढीशी होती. माझ्या आईनंच तिला न्हाऊमाखू घातलं, शाळेत सोडलं, दुखण्याखुपण्यात उशाशी बसली. तिला हळद आईच लावणार, हे आमच्या घरात वेगळं ठरवायची कुणाला गरजच वाटली नव्हती.

काकांच्या फोनवर उघडेल असं डॉक्युमेंट मी केलं. गावाच्या यादीत घरांच्या याद्या, घराच्या यादीत माणसं, वडीलधारं आधी. काकांच्या उठबशीतल्या बड्या लोकांना चूलबंद आमंत्रण, म्हणजे घरातली झाडून सगळी. आम्हा भावकीला घरटी एक. म्हणून फॉर्म्युले दोन. एक सगळ्या आतल्या याद्या जोडून सलग एकच यादी करायचा, दुसरा प्रत्येक घराच्या यादीतलं फक्त पहिलं नाव कापून घ्यायचा. पहिल्याऐवजी दुसरं माणूस हवं असेल तर फॉर्म्युल्यातल्या एक आकड्याच्या जागी दोन टाकायचा, हेही मी काकांना हौसेनं शिकवलं.

मग त्यांनी आमचं घर बघितलं. बाकी घरांत पहिलं नाव बाप्याचं. आमच्यात वडील नाहीत, त्यामुळं पहिली आई, दुसरा मी. काका म्हणाले, तेवढं बदल. का, तर पोरगी हळदीला तिला पुढं ओढणार, आणि विधवा बाईचा हात लागलेला सासरच्यांना खपायचा नाही.

"मग तिला वाढवताना कुणाचा हात लागला होता, काका?"

"त्ये उपकार हायतच की. पर हळदीला नगं."

मी साफ नाही म्हणालो. डोक्यात अशी तिडीक गेली की फोन त्यांच्या पुढ्यात आपटला. पण माझ्यावाचून काय अडलं? त्यांनी स्वतःच आमच्या घरापुरता एकाच्या जागी दोन आकडा टाकला. पत्रिका माझ्या नावानं आली.

आईनं ती वाचली, लग्नासाठी काढलेलं लुगडं पुन्हा पेटीत ठेवलं आणि मला जा म्हणाली. मी कशाला जातोय! थुंकतो असल्या जेवणावर. लग्नाच्या दिवशी आम्ही दोघांनी घरीच आमटी-भाकरी खाल्ली.

चार दिवसांनी पोरीचा सासरहून फोन आला. ती रडत होती. बाबा म्हणाले काकूचे गुडघे धरलेत, उठता येत नाही; पण काकू, रिक्षा करून तरी यायचंस की. मी फोन ओढायला गेलो, तर आईनं माझं मनगट घट्ट धरलं. कंबरदुखी नाही, सांधेदुखी नाही, या वयात पाण्याची घागर कमरेवर घेऊन जिना चढणारी बाई ती.

"व्हय गं बाई," आई म्हणाली, "लई दुकत हुतं."