नऊ हंडे पाणी

शाकीरने एकतीस वर्षं खोदाईच्या मशीन चालवल्या. सेनगावच्या या माणसाची ख्याती अशी, की दुसऱ्याच्या मशीनवर बसण्याआधी तो इंजिनाचा दरवाजा उघडायचा आणि आत धूळ दिसली की त्या ऑपरेटरची चारचौघांत हजामत करायचा. इंजिन उन्हानं तापत नाही, माणूस हात राखून काम करतो म्हणून तापतं, असं तो ऐकवायचा.

गेल्या उन्हाळ्यात साखरा गावच्या तलावातला गाळ काढायला तो आला. पोकलेन जुनी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तापमानाचा काटा लालवर गेला आणि रेडिएटरमधून वाफ उसळली. दोष कुठे आहे हे शाकीरला ठाऊक होतं. रेडिएटर आणि त्याच्यापुढचा ऑईल कूलर यांच्यामधल्या फटीत धूळ आणि वाळलं गवत बसतं. चार बोल्ट सोडून कूलर पुढे ओढल्याशिवाय ते निघत नाही. अर्ध्या दिवसाचं काम. त्याचे गुडघे दुखत होते. त्याने नुसती बाहेरून हवा मारली, बाकी उद्यावर टाकलं आणि काठावरच्या पहिल्या घरी चांगलं पाणी मागायला गेला. तलावाचं गढूळ पाणी रेडिएटरला चालत नाही.

घर पार्वतीबाईचं होतं. तिने कशाला, किती, असं काही न विचारता हंडा उचलून दिला. दुसऱ्या दिवशी मशीन थांबलेली दिसताच ती स्वतःच हंडा घेऊन आली. मग रोज येऊ लागली. पाणी ओतलं की मशीन दोन-तीन तास चालायची आणि शाकीरचा उद्या आणखी एक दिवस पुढे जायचा.

एवढं पाणी काहून पिते ही, असं तिने एकदा विचारलं.

"जुनी झाली, मावशी. म्हातारपणी तहान लागतेच."

"मला तर गोळी गिळण्यापुरतं लागतंय," ती हसून म्हणाली.

तोही हसला. ते हसणं त्याला पुढे फार बोचलं.

पहिल्या हंड्यापासून दहाव्या दिवशी ती आली नाही. शाकीर कॅन घेऊन तिच्या घरी गेला. दारात सून शिला होती. नळाला पंधरा दिवसांपासून पाणी नव्हतं. सासूबाई माळापलीकडच्या विहिरीवर गेल्यात, असं तिने सांगितलं. घरच्यासाठी सकाळी दोघी जातात. दुपारची ही खेप मशीनची.

शाकीर माळ चढला. अर्ध्या वाटेवर पार्वतीबाई दगडावर बसली होती. हंडा शेजारी, तोंडावर ओला फडका.

"येऊनच राहिले होते बाबा," ती म्हणाली. "लई वेळ थांबली का मशीन?"

त्याने हंडा खांद्यावर घेतला. उतारावर त्याला दोनदा टेकावं लागलं. ती मागून सावकाश येत होती, आणि त्याला वळून बघवत नव्हतं.

त्या दुपारी त्याने बोल्ट सोडले. फटीतून धुळीचा आणि गवताचा थर वाकळेसारखा अख्खा निघाला. रेडिएटरची एक-एक पट्टी धुऊन, वाकलेली सरळ करून, कूलर परत बसवायला चार तास लागले. मग त्याने त्या हंड्यातलं पाणी भरून मशीन चालवली. काटा मध्यावर राहिला.

आता गप्प बसता आलं असतं. तिला काय कळणार होतं? याच विचाराची त्याला जास्त लाज वाटली. दिवस मावळायच्या आत तो तिच्या अंगणात जाऊन उभा राहिला.

"मावशी, मशीनला तहान नव्हती. मी तिला साफ केलं न्हाई. आळस केला."

ती तांदूळ निवडत होती. हात थांबले.

"नऊ हंडे," ती म्हणाली. पुन्हा मान खाली घालून निवडू लागली. बस म्हणाली नाही. तो परतला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तलावात उतरली, रिकाम्या हातांनी.

"बंद कर अन् उघड ते."

शाकीरने इंजिन बंद करून दरवाजा उघडला. तिने वाकून फटीत डोकावलं. मग घासलेलं भांडं पाहावं तसं कडेवरून बोट फिरवलं आणि ते उन्हात धरून पाहिलं.

"उद्या बी येते," ती म्हणाली.

गाळ संपेपर्यंत ती रोज आली. शाकीर रोज ती यायच्या आधी मशीन बंद करायचा आणि दरवाजा उघडून बाजूला उभा राहायचा.