कुणाची लग्नं जास्त उशिरा लागतात

संख्याशास्त्राच्या पेपरात मी पहिल्यांदा गचकले तेव्हा पप्पांनी मोबाईलवर निकाल पाहिला आणि एवढंच म्हणाले, "मामावर गेलीय."

मामा जुन्नर तालुक्यातला, नारायणगावाजवळचा. आम्ही आंबेगाव तालुक्यातले, निरगुडसरचे. मधे तासाभराचासुद्धा रस्ता नाही, पण पप्पांच्या मते तालुक्याची हद्द ओलांडली की माणसाचं घड्याळ बंद पडतं. याला त्यांच्याकडे पुरावा एकच होता, त्यांचं स्वतःचं लग्न. मुहूर्त बारा पस्तीसचा होता आणि हार पडले दोन वाजता. पप्पा म्हणत, नवरीकडच्यांनी उशीर केला. मामा म्हणे, नवरदेवाचा टेम्पोच एक वाजता पोचला. आई यावर कधी बोलत नसे. ती त्या वेळी आतल्या खोलीत शालू नेसून घामाघूम बसली होती, तिला बाहेरचं काय माहीत?

मी तेव्हा नारायणगावच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते आणि गचकलेला पेपर पुन्हा देत होते. आमच्या मॅडम चांगल्या शिकवायच्या, दोष माझाच होता. दोन समूहांच्या सरासऱ्यांची चाचणी मी आरतीसारखी पाठ केली होती. वर वजाबाकी, खाली वर्गमूळ, मग कोष्टक, मग 'सबब परिकल्पना नाकारली जाते'. कशाची परिकल्पना, कोण नाकारतंय, पत्ता नाही. एकदा वहीत मी 'नल'च्या जागी 'नळ हायपोथेसिस' लिहिलं होतं. मॅडमनी त्याच्या शेजारी लाल शाईनं लिहून दिलं, 'पाणी येतं का?'

या खेपेला पेपराबरोबर प्रकल्प होता. मॅडम म्हणाल्या, "पुस्तकातले ते दोन कारखान्यांचे बल्ब कुणीही आणायचे नाहीत. मला त्या बल्बांचा कंटाळा आलाय. तुमच्या घरी ज्यावरून भांडण होतं असं काहीतरी आणा."

माझा विषय दारातच उभा होता. मी सांगितलं, "जुन्नरकरांची लग्नं जास्त उशिरा लागतात की आंबेगावकरांची?" वर्गात हशा झाला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "उशीर म्हणजे काय? कुठून कुठपर्यंत?"

एवढा साधा प्रश्न, पण त्यावर आमच्या घरी दोन दिवस वाद चालला. मामा फोनच्या स्पीकरवर होता. पप्पांचं म्हणणं, पत्रिकेतल्या मुहूर्तापासून पहिल्या मंगलाष्टकेपर्यंत मोजायचं. मामा ओरडला, "दाजी, तुमच्याकडं पहिली मंगलाष्टका येळेत सुरू करत्यात आन मंग अर्धा तास पुढाऱ्यांची भाषणं लावत्यात! ते न्हाई मोजायचं व्हय?" शेवटी मी ठरवलं, पत्रिकेतला मुहूर्त ते गळ्यात हार. मधे कोण काय बोलतंय याच्याशी मला देणंघेणं नाही.

दुसरा नियम मॅडमचा. वधू-वर दोघंही एकाच तालुक्यातले हवेत, म्हणजे तो उशीर कुणाच्या नावावर टाकायचा हा घोळ राहत नाही. जुन्नरची बारा, आंबेगावची बारा. मी वहीत दोन रकाने आखत होते. आई भाजी निवडता निवडता बघत होती. म्हणाली, "माझं लगीन तुझ्या कुठल्याच रकान्यात बसत न्हाई."

मी म्हटलं, "नाही बसत."

"बरं झालं," ती म्हणाली आणि गवारीच्या शेंगा मोडत राहिली. तिच्या आवाजात सुटकेसारखं काहीतरी होतं. इतकी वर्षं तिच्या लग्नाचा उशीर हे दोघं एकमेकांच्या अंगणात ढकलत होते, आणि कुणीतरी पहिल्यांदाच तो मोजण्याच्या बाहेर ठेवला होता.

मॅडमनी आणखी एक गोष्ट आधीच लिहून घेतली. चाचणी एका शेपटीची की दोन शेपट्यांची? जुन्नरकर जास्त उशीर करतात एवढंच तपासायचं असेल तर एक शेपूट. कोणीही कमी-जास्त असू शकतं असं मानायचं असेल तर दोन. मला आजोळी जेवायला जायचं असतं. मी दोन लिहिलं.

मग लग्नसराई सुरू झाली. त्या हंगामात मी जितकी मठ्ठा-जिलेबी खाल्ली तितकी आयुष्यात खाल्ली नाही. स्कूटी घ्यायची, पत्रिकेवरची वेळ वहीत लिहायची, मंडपात बायकांमध्ये बसायचं आणि मोबाईलचं स्टॉपवॉच चालू करायचं. बारा पस्तीस म्हणजे बारा पस्तीसला नवरदेव अजून मारुतीच्या पाया पडायला गेलेला असायचा. एकला फेटे बांधणं चालू. सव्वाला माइकवाला म्हणायचा, "वधूच्या मामांनी ताबडतोब स्टेजवर यावं." मामा जेवायला बसलेले असायचे. मग माननीय अमुक, सन्माननीय तमुक, दोन्ही कुटुंबांवर मनापासून प्रेम करणारे आणखी कुणीतरी यांचे आशीर्वाद. हातात अक्षता घेऊन बसलेल्या माणसांच्या तळहाताला तांदूळ चिकटून जायचे. दोन्ही तालुक्यांत हे इतकं हुबेहूब चालायचं, की पाचव्या लग्नानंतर मला वही न बघता मी कुठल्या तालुक्यात आहे हे सांगता आलं नसतं.

महाळुंगे पडवळच्या एका लग्नात घोटाळा झाला. पप्पांनी यजमानांना आधीच सांगून ठेवलं होतं, "माझी पोरगी टाइम घ्यायला येतीय. तालुक्याची इज्जत हाये." मी मंडपात शिरताच यजमान भटजींच्या कानाला लागले. माइकवाल्याला गप्प बसवलं. एक सन्माननीय गाडीतून उतरत होते, ते उतरेपर्यंत हार पडलेसुद्धा. उशीर फक्त सहा मिनिटं! पप्पा मंडपाच्या दारात छाती काढून उभे होते.

मॅडमनी ते लग्न फेकून दिलं. "हे लग्न मोजलं नाहीस तू, घडवलंस," म्हणाल्या. "पुढच्या वेळी फोन पर्समध्ये ठेवायचा आणि वडिलांना घरी."

पप्पा चिडले. "सहा मिनिटाचं लगीन फेकून दिलं? आख्ख्या तालुक्यात असं लगीन झालं न्हाई!"

"म्हणूनच," मी म्हटलं. हे बोलताना मला पहिल्यांदा वाटलं की मला या विषयातलं काहीतरी कळतंय.

जुन्नरच्या अकराव्या लग्नात बिबट्या आला. आमच्याकडे यात नवल नाही, उसाला लागून मंडप टाकला की ही शक्यता धरून चालायची. नवरदेवाचा घोडा मंडपापासून हाकेच्या अंतरावर होता. कुणीतरी ओरडलं, "वाघ! वाघ!" बँड थांबला, घोडा नवरदेवासकट मागे फिरला आणि वरात जिथून निघाली तिथं परत गेली. मग वनखात्याची माणसं आली, फटाके वाजवले, शेकडो लोक मोबाईल उंचावून उसाकडे बघत उभे राहिले. बिबट्या काही पुन्हा दिसला नाही. हार पडले तेव्हा माझ्या स्टॉपवॉचवर दोन तास वीस मिनिटं झाली होती. मीही शेवटपर्यंत थांबले. भीती वाटत होती, पण त्याहून जास्त भीती एक आकडा हातचा जाण्याची होती.

घरी आनंदीआनंद झाला. पप्पांनी वहीत १४० हा आकडा बघितला आणि म्हणाले, "आता काय बोलणार पावणं!"

पावणं बोलले. "दाजी, त्यो बिबट्या जुन्नरचा न्हवताच. आंबेगावातनं आला व्हता. वनखात्यावाल्याला इचारा." मग मामा मला म्हणाला, "पोरी, ते लगीन काढ बरं यादीतनं."

मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "बिबट्या हा जुन्नरातल्या लग्नाला होणाऱ्या उशिराचं खरं कारण आहे की नाही? आहे. तो तू बोलावला होतास का? नाही. मग राहू दे. हवं तर त्याच्यासह एकदा आणि त्याच्याशिवाय एकदा, दोन्ही गणितं कर आणि दोन्ही लिही. लपवायचं काही नाही."

चोवीस लग्नं पुरी झाल्यावर मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसून आकडेमोड केली. जुन्नरचा सरासरी उशीर आला बावन्न मिनिटं, आंबेगावचा त्रेचाळीस. नऊ मिनिटांचा फरक. सरासरी कळताच पप्पांनी पेढे आणायची भाषा सुरू केली. पण त्या नऊ मिनिटांखाली भागायला एक आकडा होता, लग्नालग्नांत उशीर किती वर-खाली होतो त्याचा, आणि तो आला अकरा. भागाकार एकसुद्धा भरला नाही. कोष्टक म्हणत होतं, निदान दोनच्या वर पाहिजे.

मी मॅडमकडे गेले. "मॅडम, बिबट्यामुळे जुन्नरची सरासरी वाढली, मग फरक सिद्ध व्हायला मदत व्हायला पाहिजे होती ना?"

त्यांनी पेन ठेवलं. "त्यानं सरासरी वर ओढली, बरोबर. पण पसारा त्याच्याहून जास्त वाढवला. ज्या तालुक्यात एखादं लग्न वीस मिनिटं आणि एखादं दोन तास वीस मिनिटं लांबतं, तिथं नऊ मिनिटांच्या फरकाला कोण विचारतं? आपण सुरुवातीला काय धरून चाललो होतो? दोन्हीकडे सरासरी उशीर सारखाच आहे. आता तसा तो असतानासुद्धा नुसत्या योगायोगानं नऊ मिनिटांचा फरक दिसू शकतो का?"

"सहज," मी म्हटलं.

"मग ते धरून चालणं सोडायला कारण मिळालं का?"

"नाही."

आरती संपली आणि तिचा अर्थ लागला, असं काहीसं झालं. इतके दिवस मला वाटे की खालचं वर्गमूळ हा विद्यार्थ्यांना छळायचा प्रकार आहे. ते वर्गमूळ म्हणजे आमच्याकडचे फेटे, घोडे, सन्माननीय आणि बिबट्या, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. बिबट्या वगळून केलं तेव्हा तर फरक एका मिनिटावर आला.

घरी पप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ती एक शेपटीवाली चाचणी लाव. तिला कमी लागतं म्हणत व्हतीस."

"आकडे बघितल्यावर शेपूट बदलता येत नाही, पप्पा. आणि बदलली तरी पुरत नाही."

तोंडी परीक्षेला बाहेरचे सर आले होते. त्यांनी माझा प्रकल्प चाळला आणि विचारलं, "ही लग्नं निवडली कशी?"

"सर, ज्यांनी पत्रिका दिली तिथं गेले."

"म्हणजे हा अभ्यास दोन तालुक्यांचा नाही. तुमच्या नातेवाइकांचा आहे."

"हो सर."

"बरं. निष्कर्ष काय? दोन्हीकडचे सारखेच उशीर करतात?"

इथंच मी गेल्या वेळी पेपरात गचकले होते. मी सावकाश म्हटलं, "नाही सर. सारखेच आहेत असं मी म्हणत नाही. वेगळे आहेत असं म्हणायला माझ्याकडे पुरेसा पुरावा नाही, एवढंच."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "चोवीस लग्नं जेवून एवढंच?"

"एवढंच, सर."

ते हसले, त्यांनी काहीतरी लिहिलं आणि पुढच्या मुलीला बोलावलं. मी पास झाले. फार चांगले गुण पडले नाहीत. यादी नातेवाइकांचीच निघाल्याबद्दल कापले असावेत, आणि ते योग्यच होतं.

त्या संध्याकाळी मामा पेढे घेऊन आमच्याकडे आला. त्याच्या मते जुन्नर निर्दोष सुटला होता. पप्पांच्या मते आंबेगाव हरला नव्हता. दोघांनी एकमेकांना पेढा भरवला. निष्कर्षाचं वाक्य मी दोनदा वाचून दाखवलं, तरी कुणी ऐकलं नाही. आईनं मात्र प्रकल्पाची प्रत मागून घेतली. तिला आकडे नको होते, बिबट्याचं पान हवं होतं. ते तिनं चहा गार होईपर्यंत वाचलं आणि विचारलं, "त्या नवरीचं काय झालं गं? इतका येळ ती कुठं बसली व्हती?"

मला माहीत नव्हतं. माझ्या वहीत तिच्यासाठी जागाच नव्हती.

पप्पांचं मत बदललं नाही. अजूनही कुठल्या मंडपात नवरदेव अडकला की ते म्हणतात, "जुन्नरकडचे असतील." मी डोळे वटारले की म्हणतात, "तुझी जुन्नरची बाराच लग्नं व्हती. बारानं काय कळतंय? शंभर कर, मंग बोल." सगळ्यात जास्त राग मला याचा येतो की हा मुद्दा अगदी बरोबर आहे. परवाच त्यांनी माझ्या टेबलावर सात पत्रिका आणून ठेवल्या, सगळ्या जुन्नरच्या.