नातं काढणारे आतोबा

उभ्या जगात परकं कुणी नाही, एवढं सांगून देव मोकळा झाला. एकेकाला हाताला धरून, पाटावर बसवून, ते सिद्ध करून दाखवायचं काम मात्र माझ्या आतोबांच्या गळ्यात पडलं. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. कर्जत स्टेशनावरून नदीकडे उतरलं की मिशनचं निराश्रितांचं घर लागायचं. तिथले ते राखणदार, कारभारी, भात शिजवणारे आणि दार उघडणारे, सगळं एकच. घर कसलं, आधीचं भाताचं गोदाम ते. मिशननं त्याला खिडक्या पाडल्या, आत बाजा टाकल्या आणि दारावर पाटी लावली. पहिली ओळ, 'ज्यांस घर नाही'. दुसरी ओळ, 'व ज्यांस कोणी आप्त नाहीत अशांसाठी'. मी शाळा पाहिली नाही, माझी पहिली अक्षरं त्या पाटीवरची, म्हणून ती अजून तोंडपाठ आहे. आणि आतोबा कसे, तर उंच, काटकुळे, डोक्याला पागोटं आणि अंगात कुणा गोऱ्या पाद्र्यानं टाकलेला काळा कोट, तोही एवढा ढगळ की आत अजून एक आतोबा मावले असते.

आता नातं काढणं आपल्याकडे सगळेच करतात. कुठले तुम्ही, मग तिथल्या अमक्यांचे कोण, एवढं विचारल्याशिवाय आपल्या माणसाला घास उतरत नाही. पण चार प्रश्नांत नाही लागलं तर आपण सोडून देतो. आतोबांना सोडणं ठाऊक नव्हतं. दारात माणूस आला की आधी त्याच्या पायांवर पाणी, मग पाट, मग ताट. ताटात भात, वर सुकटीचं कालवण, वाफ निघतेय, भुकेला जीव त्या वाफेकडे बघतोय, आणि आतोबा समोर उकिडवे बसून विचारतायत, "आईचं म्हायेर कंचं?" नातं लागेपर्यंत हात घालायचा नाही. कारण त्यांचं म्हणणं असं, की परक्याला वाढलं तर ते दान, आणि दान खाल्लं की माणूस मान खाली घालतो. "घरचा मानूस कसा, खातो आनि वर मीठ कमी म्हनून बोंबलतो. तसं बोंबललं पायजे त्यानं." आत्या आतून म्हणायची, "अहो, भात गार होतोय. त्याला आधी जेवू द्या, मग करा भाऊबंद." माझं तर नातं जगजाहीर, बायकोची भाची. तापाच्या साथीत आईबाप गेले म्हणून आत्यानं घरी आणलेली. तरी मलाही पाटावर बसवलंच. म्हणाले, "ते तिच्याकडनं झालं गं. माज्याकडनं काय?" शेवटी माझ्या आजोबांनी कधीकाळी घाटात चुकलेला बैल कुणाला तरी परत दिला होता, तो त्यांच्या चुलत्याचाच असणार असं त्यांनी ठरवलं, आणि मी आत्याची भाची नि आतोबांची पुतणी झाले. झाले ती झालेच.

एकदा आंधळी ठाकरीण आली. डोंगरपायथ्याच्या वाडीतली, मुलगे साथीत गेलेले, झोपडी पडलेली, काठी तेवढी हातात. आतोबांनी विचार विचार विचारलं. गाव म्हणावं तर जंगल, सोयरे म्हणावेत तर झाडं. घामाघूम झाले. मग एकदम त्यांचे डोळे लकाकले. "तू कारवी तोडून इकायचीस ना गं? कर्जतच्या बाजारात? मंग माज्या आयनं कुडाला घेतली ती तुजीच. म्हंजे मी ज्या घरात जल्मलो त्याच्या भिंती तुज्या. तू माजी थोरली भैन नाय तर कोन?" म्हातारीनं जरा विचार केला. "कारवी चांगली निगाली का रं?" "अजून हुबी हाय." "मंग जेवते," म्हणाली, आणि पहिल्याच घासाला मीठ कमी असल्याचं सांगितलं. आतोबांच्या डोळ्यांत पाणी आलं.

या नादात ते घर असलेलीही माणसं धरून आणायचे. खालापूरच्या कचेरीतले एक कारकून दुपारी स्टेशनच्या बाकावर डुलकी घेत होते, बूट चावत होते म्हणून काढून ठेवलेले, अंगावर धूळ. आतोबांनी त्यांना उचललंच. ते बिचारे वाटभर सांगतायत, "अहो, मी सरकारी नोकर आहे, मला बायको आहे, घर आहे," आणि आतोबा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणतायत, "आसंल, आसंल, आदी घरी चला." गाडी चुकली, पाय धुतले गेले आणि ते आतोबांचे मेहुणे ठरले. गंमत अशी की पुढे घरी भांडण झालं की ते आपणहून येऊन पाटावर बसायचे. कोंडाण्याच्या लेण्यात एक गोसावी राहतो असं कळलं तेव्हा आतोबा त्यालाही आणायला गेले होते. हात हलवत परत आले आणि आत्याला म्हणाले, "त्यानं सोताच सोताला घराभाईर काडलंय. आता मी भांडू कुनाशी?"

तर असं चाललं होतं, आणि एका थंडीत मुंबईहून मिशनचे साहेब तपासणीला आले. साहेब मराठी बोलायचे, पण पुस्तकातलं. आत्यानं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, की साहेबांपुढं तोंड बंद, विचारलं तर 'कुणी नाही' म्हणायचं. साहेब पहिले म्हातारीच्या बाजेशी गेले. "हे वृद्ध स्त्री, तुला कोणी आप्त आहेत काय?"

"आप्त म्हंजी?"

"तुझी माणसे."

"हायती की," म्हातारी म्हणाली. "ह्यो भाव. ती वयनी, तोंडानं फाटकी हाय, पन मनानं बरी."

साहेब पुढच्या बाजेशी गेले. तिथं आतोबांचा साडू होता. पलीकडे मावसभाऊ, त्याच्या पलीकडे आतेबहीण. साहेबांनी चष्मा काढून पुसला. "येथे एकही निराश्रित नाही."

"तेच म्हनतो मी सायेब," आतोबा खुलून म्हणाले. "एक बी ठेवला नाय. लई म्हेनत घेतली."

साहेब वाईट नव्हते हो. त्यांचं म्हणणं खरंच होतं, की रस्त्यावर पडलेली माणसं पुष्कळ आहेत, हे तांदूळ त्यांच्या वाट्याचे. ज्यांना नातलग आहेत त्यांना नातलगांनी आपल्या घरी न्यावं. आत्यानं आतोबांना चुलीपाशी ओढलं. "सांगा ना, ती तुमची बहीण नाही म्हणून. एक शब्द बोललात तर म्हातारीच्या डोक्यावर कौलं राहतील."

"तिच्या म्होरं बोलू? ती आंदळी हाय, भैरी नाय."

आणि नाहीच बोलले. संध्याकाळपर्यंत सगळी वरात पुढच्या दारानं निघून मागच्या दारी आली, म्हणजे आमच्या दोन खोल्यांत. आत्या कमरेवर हात ठेवून उंबऱ्यात उभी. "नाती यांनी जोडली," ती म्हणाली, "आणि एवढ्या सगळ्यांची वहिनी मी फुकटात झाले." पण चूल पेटवलीच तिनं. बायका स्वयंपाकघरात, पुरुष बाहेरच्या खोलीत, साडू माळ्यावर. आणि आतोबांना जागाच उरली नाही म्हणून ते उंबऱ्यावर आडवे झाले, धड आत नि पाय अंगणात. जाणारायेणारा त्यांना ओलांडताना नमस्कार करायचा, कारण घरचे कर्ते तेच.

दोन रोज गेले नाहीत तोच साहेबांच्या लक्षात आलं, की निराश्रित नाहीत तर राखणदार कशाला, आणि राखणदार नाही तर राखणदाराच्या खोल्या कशाला. खोल्या मिशनच्याच. साहेबांना ते सांगताना फार जड गेलं, पण सांगितलं. आम्ही सगळे बोचकी घेऊन अंगणात बसलो. वाऱ्यानं म्हातारी कुडकुडत होती. तिनं चाचपडत आतोबांचा कोट धरला. "भावा, आता कुटं रं?"

 आतोबा उठले, पागोटं नीट केलं, घराला वळसा घालून पुढच्या दारी गेले. आम्ही त्यांच्या मागं. साहेब आत रिकाम्या बाजांच्या मधोमध खुर्चीवर बसले होते. आतोबांनी कडी वाजवली. माणूस आला की त्याची चौकशी करायची हे आतोबांचंच काम. आतोबा तर बाहेर उभे, मग आत ते कोण करणार? म्हणून ते उंबरा ओलांडून आत गेले, वळले आणि मोकळ्या दाराला विचारलं, "कोन हाय?" परत बाहेर आले. "मी हाय." आत. "घर?" बाहेर. "कालपातूर होतं, आज नाय." आत. "नातलग?" बाहेर. "हायेत ढीगभर." आत, जरा कडक आवाजात, "मंग त्यांच्याकडं जा की." बाहेर, अगदी गरिबीनं, "त्यास्नी बी घर नाय, बाबा." "का नाय?" "त्यांचा नातलग मी. आनि मला घर नाय."

साहेब उठून बाहेर आले. पाटी वाचली. आतोबांकडे पाहिलं. पुन्हा पाटी वाचली. "यांना आप्त आहेत, परंतु आप्तास घर नाही," ते स्वतःशीच म्हणाले, "आणि आप्तास आप्त आहेत, परंतु... हे पाटीवर नाही."

"पाटी ल्हान हाय सायेब," आतोबा म्हणाले.

साहेबांनी दुसरी ओळ पुसायला लावली. माझ्या तेव्हा पाटीवरच्या त्या दोनच ओळी वाचून झालेल्या. अर्धं शिक्षण एका दुपारी पुसलं गेलं. म्हातारी आपल्या बाजेवर जाऊन बसली, बाकीचे आपापल्या. आणि आतोबांनी काय करावं, तर साहेबांनाच पाटावर बसवलं. साहेबांचं गाव समुद्रापलीकडे, आई वारलेली, इथं कुणी नाही. आतोबांना फार शोधावं लागलं नाही. "वरसातनं येकदा येनार, चुका काडनार आनि रुसून जानार. ह्ये आपले व्याही." साहेबांनी आत्याला विचारलं, व्याही म्हणजे काय. आत्या म्हणाली, "ज्यांचा मान ठेवायचा असतो आणि ज्यांचं ऐकायचं नसतं ते." साहेब मांडी घालता येईना म्हणून पाय पसरून जेवले. पुढच्या खेपेला त्यांना नारळ नि टोपी द्यायची राहिली तर खरोखरच रुसले. मिशनचे तांदूळ मात्र त्यांनी कधी कमी पडू दिले नाहीत.

ती ठाकरीण पुढे पुष्कळ वर्षांनी आपल्या बाजेवर, भावाच्या मांडीवर डोकं ठेवून गेली. त्यानंतर आतोबा खचले. थकले, आणि एकेक माणूस विसरत चालले. साडू विसरले, मेहुणे विसरले. मला कधी पुतणी म्हणायचे, कधी नुसतंच हसायचे.

एका दुपारी आत्या नदीवरून धुणं घेऊन आली. आतोबा पायरीवर बसले होते. तिला पाहून लगबगीनं उठले, तांब्या आणला आणि तिच्या पायांवर पाणी घातलं. "या बाई. लांबनं आलासा?" पाट मांडला, ताट वाढलं, समोर कसेबसे उकिडवे बसले. "आईचं म्हायेर कंचं?"

आत्यानं तोंड उघडलं होतं. मला वाटलं, आता बोलते. पण तिनं पिळे खाली ठेवले आणि पाटावर बसली. म्हणाली, "मला कुणी नाही."

आतोबांनी खूप विचारलं, ती एकेक सांगत गेली, पण त्यांना काही लागेना. कपाळावर घाम आला. "बाई, भैनी झाल्या, भाच्या झाल्या," शेवटी ते म्हणाले. "येक जागा हाय, पन ती आमच्या हिची. ती नदीवर गेलीया. आली म्हंजी इचारतो तिला. तापट हाय, पन कुनाला नाय म्हनायची नाय. तवर तुमी जेवून घ्या."

आत्यानं पदरानं हात कोरडे केले. "थांबते की मी," म्हणाली. "येऊ द्या तिला."