अर्ध्या दाढीचा डाव

...तर एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर साबण तसाच, आणि माझा धाकटा भाऊ खुर्चीत अडकलेला, इथवर काल सांगून झालं होतं. अहो, त्या दिवशी त्याचं लग्न! नोंदणी कचेरीत नवरी येऊन बसलेली, आणि आमचे अर्धेकाका वस्तरा पेल्यात बुडवून म्हणतात, "घाई कसली? तुझी चाल आहे."

अर्धेकाका म्हणजे आमच्या गल्लीतले सलूनवाले. हे नाव गल्लीनंच वैतागून ठेवलेलं. पूर्वी एक पोस्टमास्तर रोज सकाळी त्यांच्याकडे यायचे आणि दाढी झाल्यावरही तासभर बसून त्यांना बुद्धिबळ शिकवायचे. पुढे त्यांची बदली झाली. पट मात्र आरशाखाली, पावडरच्या डब्याशेजारी तसाच राहिला. मग काकांनी खूळ काढलं. एक गाल करायचा, पट पुढे सरकवायचा, डाव संपला की दुसरा गाल! आमच्यात कुणाला बुद्धिबळाची हौस होती असं समजू नका. राहिलेला गाल पदरात पडावा म्हणून शिकलो सगळे. कापडवाला शिकला, कंपाउंडर शिकला. घोडा अडीच घरं जातो हे मला गालावर साबण वाळत असताना कळलं. दुसरं सलून? होतं की, पार पुलापलीकडे. अर्धा चेहरा घेऊन तिथवर जाणार कोण?

बरं, मुद्दाम हरायचीही सोय नाही. भावानं वजीर सरळ त्यांच्या हत्तीच्या तोंडी दिला. काकांनी तो उचलून परत जागेवर ठेवला.

"असला फुकटचा वजीर मला नको. नीट बघ. तुझा उंट काय झोपलाय?"

"काका, माझं लग्न आहे हो!"

"म्हणून तर म्हणतो, डोकं शांत ठेव."

मी हात जोडले, आरडाओरडा केला, शेवटी वस्तराच उचलला. "ठेव तो खाली," काका म्हणाले, "कान कापशील त्याचा." माझ्या डोक्याची नुसती भट्टी झाली!

एवढ्यात दारात साक्षात नवरी. वाट बघून कंटाळली आणि गाडी करून स्वतःच आली. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, पटाकडे पाहिलं.

"किती राहिलंय?"

"गाल की डाव?" आमचे बंधुराज! हाणावीशी वाटली एक.

"उठा. आहात तसे चालाल मला."

टॉवेलानं साबण पुसला आणि निघालो. सह्या झाल्या, फोटोही निघाला. त्यात भाऊ अजून एकाच बाजूनं दिसतो. परतताना तिनंच सलूनसमोर गाडी थांबवायला लावली. म्हटलं, आता काकांची खैर नाही.

आत काका एकटेच पटासमोर बसलेले. एक प्यादंसुद्धा हललेलं नव्हतं. खुर्चीवर धुतलेला टॉवेल अंथरून ठेवलेला. भाऊ मुकाट्यानं त्यावर जाऊन बसला आणि लागला की पट न्याहाळायला! ती मात्र कमरेवर हात ठेवून उभी.

"काका, आधी दाढी पुरी करून मग खेळलं तर काय बिघडतं हो तुमचं? का छळता सगळ्यांना?"

काकांनी ब्रश पाण्यात बुडवला, पण साबणाला काही लावला नाही.

"पोरी, दाढी पुरी झाली की माणूस उठून जातो."